गव्हर्नरसाहेब, थांबा

नोकरीमुळे मी आर्मेनियात, येरेवानला राहत होते, तेव्हा आमच्या गल्लीत अनाहितबाईंची बेकरी होती. अझरबैजानी सैन्याशी झालेल्या लढाईत त्यांचं गाव गेलं, नवराही गेला. एका सकाळी माझ्या पुढे रांगेत एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांना पाहताच बाईंचा हात पिठातच थबकला.

"गव्हर्नरसाहेब, तुम्ही आमच्या चौकात येऊन सांगितलंत, गाव सोडू नका, मी इथेच आहे. संध्याकाळी तुमचीच गाडी निघून गेली. माझा नवरा मात्र थांबला."

म्हातारा खाली बघत म्हणाला, "मला वरून हुकूम होता, बाई."

"आणि आम्हाला तुमचा होता. आता थांबा. पाव देते."

बाई त्याच्या मागच्यांना पाव देत राहिल्या. मलाही दिला. सूड म्हटला की मला रक्त आठवायचं. तो असा पिठाच्या हातांनी, आवाजही न चढवता घेता येतो, हे मी प्रथमच पाहत होते. म्हाताऱ्याची कीव यायला हवी होती. ती आली नाही. उलट, तो निघून जाऊ नये असंच मला वाटत होतं.

पाव संपले. बाईंनी त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं.

दुपारी मी विचारलं, "आता शांत वाटतंय?"

"छे!" त्या म्हणाल्या. "उद्या येऊ दे, उद्याही थांबवीन."