इंगळेबाईंची नहर

“पाणी काही फाटकाजवळच्या माठापर्यंत पोहोचले नव्हते. शिपायाने मागून नळाची बादली ओतली आणि बाईंनी मुलांना खूश केले. असे मोठे मन होते त्यांचे!” गोडादऱ्यात इंगळेबाईंच्या शोकसभेत आमच्या मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक देसलेसर असे म्हणाले. सभा मायेने हसली. मी उठेपर्यंत फुले वाहणाऱ्यांची रांग लागली होती. तो शिपाई मी. सरांनी ही गोष्ट स्तुती म्हणून सांगितली, हे मला मान्य आहे; पण ज्या बाईंनी मुलांपुढे कधी खोटे केले नाही, त्यांना मेल्यावर प्रेमाने खोटे ठरवावे, हे मान्य नाही.

कोसाडहून त्यांच्या मुलीचा फोन आला त्याला पाच आठवडे झाले. “काका, आई गेली…” एवढेच ती बोलू शकली. मला आधी आठवला तो चिखलाने माखलेला बाईंचा पदर.

चौथीला मलिक अंबर शिकवायचा होता. आफ्रिकेतल्या हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा निजामशाहीचा वजीर होतो आणि खडकी शहराला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, जमिनीखालच्या नहरीने पाणी आणतो. दुसऱ्या कुणी हे फळ्यावर अर्ध्या तासात संपवले असते. बाई म्हणाल्या, “गोष्ट ऐकलीत ना? आता पाणी आणून दाखवा.” जिन्यावरचे पिंप म्हणजे डोंगर, फाटकाजवळचा माठ म्हणजे खडकी. पाणी उचलून न्यायचे नाही, हा एकच नियम.

मुले पोटासाठी या परराज्यात आलेल्या लूमकामगारांची. कापडाचे ताके गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या त्यांनी बापांकडून आणल्या, जोडल्या, आणि पाणी सोडताच त्यांचा लगदा झाला. “बाई, नळीच पानी पी गई!” पूजा नावाची मुलगी ओरडली. व्हरांड्यातून देसलेसर म्हणाले, “इंगळेबाई, तुमची खडकी तहानेनं मेली की हो!”

“मरू द्या सर. उद्या पुन्हा वसवू.”

मुलांची तोंडे पाहून मला राहवले नाही. नळाखाली बादली भरून मी माठाकडे निघालो. बाई आडव्या आल्या. “नामदेवभाऊ, बादली खाली ठेवा. आज तुम्ही ओतलंत, तर उद्या ही पोरं पाणी आणणार नाहीत, तुमची वाट बघतील.” ते पाणी मी जास्वंदीला घातले. सरांनी पाहिली ती हीच बादली. ओतायला निघालो होतो हे मी नाकारत नाही. ओतली नाही, हे सांगायला अजून जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी सूत गुंडाळायचे प्लास्टिकचे पोकळ कोन आले. मुलांनी ते उलटे जोडले आणि सांध्यासांध्यातून पाणी उडू लागले. मग पूजाच म्हणाली, “निमुळतं तोंड पुढच्याच्या पोटात घाला ना, येड्यांनो!” विटा लावून उतार साधला, सांध्यांना माती लिंपली. बारीक गळती काही दिसेना, तेव्हा बाईंनी पलसाण्याच्या डाईंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, काम करणाऱ्या एका पालकाकडून चिमूटभर रंग मागवला आणि पिंपात टाकला. जिथे गुलाबी थेंब दिसेल, तिथे माती… तिसऱ्या दिवशी दुपारी पूजा माठात हात घालून बसली होती, ती एकदम किंचाळली, “आव्यु! पानी आव्यु!” पाणी माठात आले होते. सर त्या दिवशी मीटिंगला गेले होते.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलांना माठाभोवती बसवून विचारले, “आता सांगा, मलिक अंबर कोण होता?”

“आपल्यासारखाच, बाई,” पूजा म्हणाली. “बाहेरगावाहून आलेला.”

इतिहासाचे इतके नेमके उत्तर मी माझ्या साऱ्या नोकरीत दुसरे ऐकले नाही. आणि हे उत्तर बादलीने ओतता येत नाही.

निवृत्त होताना बाईंनी तो माठ मला दिला. तो माझ्या गॅलरीत उपडा असतो. शोकसभेहून परतल्यावर चपला काढायच्या आधी मी तो सुलटा करून उजेडात धरला. देसलेसर, एकदा चहाला या. माझ्या बादलीत नळाचे पाणी होते. माठाचा तळ आजही गुलाबी आहे.