वालावरचा मावा

परसातल्या वालावर मावा पडला, म्हणून सकाळी बंबातली राख भुरभुरायला गेलो. पाहतो तर मुंग्या त्या किड्यांवर पहारा देताहेत. सुकल्या देठावरचा एकेक किडा उचलून कोवळ्या शेंड्यावर नेऊन ठेवताहेत. वेल मरतोय, आणि त्याला मारणाऱ्याची केवढी ही बडदास्त! राख टाकली, तर ती झटकून पुन्हा कामाला लागल्या.

हा वेल बायकोने लावलेला. तिच्या पोटातल्या गाठीपुढे डॉक्टरांनी हात टेकलेत. खिडकीतून तिने विचारलं, "अहो, शेंगा धरतील ना?"

"धरतील की," म्हणालो, आणि तिची पेज गरम करायला आत गेलो. रोज वाटी वाटी भरवतो. तिच्या हातांच्या काड्या झाल्यात, पोट तेवढं वाढतंय. पेज कुणाच्या अंगी लागतेय, ते मला दिसतं.