रेघ नसलेली प्रत

शेजारच्या शिंप्याने झेरॉक्सवाल्या बाईंच्या ओळखपत्राची प्रत मुद्दाम कोणाला दिली, की ती त्याच्या नकळत गेली? ही हकीकत लिहिणाऱ्यालाही या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नाही.

बाईंना सगळे ‘रेघवाल्या ताई’ म्हणत. गिऱ्हाइकाने ओळखपत्राची प्रत काढली, की त्या तिच्यावर दोन तिरक्या रेघा ओढत आणि प्रत कशासाठी काढली, ते रेघांच्या मधे त्याच्याकडूनच लिहवून घेत. बिघडलेली प्रत त्याच्यादेखत फाडत.

“ताई, उद्या लग्नपत्रिका आणली तरी रेघ माराल का?” एकाने चेष्टा केली.

“आधी नवरीने तुझं ओळखपत्र बघितलंय का, ते सांग.”

रोज सकाळी यंत्र तापले, की शाई नीट उतरते का हे पाहायला त्या स्वतःचेच ओळखपत्र काचेवर ठेवत. फोटोतल्या केसांवरून काळ्या रंगाची परीक्षा चांगली होते, असे त्यांचे म्हणणे. त्या प्रतीवर मात्र रेघ ओढावी, असे त्यांच्या मनातही येत नसे. आपलाच चेहरा, त्याला कसली राखण! दोन दुकानांमधल्या लाकडी भिंतीतल्या खिडकीतून तो कागद शिंप्याकडे जाई. दिवंगत नवऱ्याचा हा जिवलग मित्र अशा कागदांवर कॉलरचे, खिशाचे नमुने कापून खिळ्याला अडकवून ठेवी.

एका दुपारी साध्या वेशातले फौजदार आले. ताईंच्या नावावर घेतलेल्या फोनवरून कोणीतरी लोकांना फसवत होते. जोडणीसाठी दिलेली प्रत त्यांनी पुढे केली. तिच्यात चेहरा ताईंचा होता, कडेला कॉलरचा बाक होता आणि वर खिळ्याचे भोक.

“तुमचा संशय कोणावर?”

नाव ताईंच्या ओठांवर आले. “उद्या येऊन सांगते,” त्या म्हणाल्या.

फौजदार गेल्यावर त्या खिडकीपाशी गेल्या. “भावजी, माझे कागद कोण कोण हाताळतं?”

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. “वहिनी, सरळ विचारा ना.”

“सरळच विचारतेय.”

“माप द्यायला येणारा प्रत्येक जण त्या खिळ्याखाली उभा राहतो. मी त्याची छाती मोजू की त्याचे हात धरू?”

तो हसला. एरवी ताईही हसल्या असत्या. आज त्यांना ते हसू जरा लवकर आल्यासारखे वाटले. कोपऱ्यात झाकलेले नवे शिलाई मशीनही आजच डोळ्यांत भरले.

“हे कधी घेतलंत?”

“काम वाढलंय, वहिनी.” एवढे बोलून त्याने मान खाली घातली. अपमानाने की आणखी कशाने, ते ताईंना कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदाचा प्रवास जसाच्या तसा सांगितला: काच, खिडकी, खिळा.

“म्हणजे शिंप्यावर संशय?”

“तसं मी म्हटलं नाही.”

“मग त्याच्यावर नाही?”

“तसंही म्हटलं नाही, साहेब.”

फोन बंद झाला आणि तपासातून ताईंचे नाव सुटले. फसवणारा सापडला नाही. शिंप्याची दोनदा चौकशी झाली, हाती काही लागले नाही. यंत्राची परीक्षा आता जुन्या कॅलेंडरच्या पानावर होऊ लागली. खिडकीतून चहाचा कप पूर्वीसारखाच येई. ताई तो घेत, पण कप परत देताना पलीकडच्या खिळ्याकडे पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

ती खिडकी २०१४ साली ताईंच्या बाजूने खिळे ठोकून बंद झाली. २०१६ साली शिंप्याने गाळा सोडला.