करंगळीनं उघडणारं खातं

अक्का आधी पदराला करंगळी पुसायच्या आणि मग ती मोबाइलवर टेकवायच्या. तुम्हाआम्हाला अंगठा पुरतो. अक्कांच्या अंगठ्यांवर रेषाच उरल्या नव्हत्या. जन्मभर तव्यावरच्या पोळ्या हातानं उलटल्यावर कुठून उरणार? खातं उघडून देताना मी एकेक करून सगळी बोटं लावून पाहिली. फोननं डावी करंगळी तेवढी कबूल केली. "बरं झालं," अक्का म्हणाल्या, "चोराला अंगठा कापून भागायचं न्हाई."

चाकणच्या आमच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये अक्कांचं स्वयंपाकघर. एका कंपनीच्या कँटीनला त्या पोळीभाजी पुरवायच्या. कंपनीचं बिल करंट खात्यात यायचं. किराणा, गॅस, बायकांचे पगार, सगळं त्यातून. स्वतःची मजुरी मात्र त्या मोबाइलवरच्या बचत खात्यात वळवायच्या. ते दुसऱ्याच बँकेचं. त्याला ना शाखा, ना पासबुक, ना चेकबुक.

"त्ये धंद्याचं, ह्ये माझं," असं त्या इतक्यांदा म्हणायच्या की माझी गिऱ्हाइकंही म्हणायला लागली होती. घरी चार पोळ्या न्यायच्या असल्या तरी त्यांचे सुटे पैसे शेडमधल्या डब्यात पडायचे. मी हसलो, तर म्हणाल्या, "हसतुयास काय? एकदा वाट पडली की समदं तिकडंच वाहातंय."

ही बचत होती चऱ्होलीसाठी. ते त्यांचं माहेर. वडिलांचं रान भावांनी बिल्डरला दिलं, आणि त्याआधी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतलं. रिवाजच आहे तो आपल्याकडे. बहिणीनं सही करायची आणि भावानं साडी नेसवायची. "लय भारी साडी," अक्का म्हणायच्या. "बापाचं समदं रान तिच्यात मावलं." त्याच रानात आता इमारती उभ्या राहत होत्या आणि तिथंच एक खोली अक्कांना हवी होती, पैसे भरून. मला त्या भावांचा संताप यायचा. अक्का मात्र बिल्डरच्या रंगीत नकाशावर करंगळी ठेवून सांगायच्या, "हितं आमची विहीर व्हती. आता पार्किंग हाय. असूं दे. मला तिथंच मरायचंय."

मग कंपनीनं फर्मान काढलं की पोळ्या मशीनवरच्याच हव्यात. अक्कांनी करंट खात्याच्या बँकेतून कर्ज काढून मशीन घेतलं, आणि त्याच कंपनीनं बिलं अडकवली. कधी साहेब रजेवर, कधी सिस्टीम बंद. मशीनचे हप्ते थकले.

"अक्का, बचतीतून भरा तात्पुरते," मी म्हटलं.

"न्हाई. त्ये धंद्याचं, ह्ये माझं."

मला ते पटलं. एकदा सगळं देऊन बसलेल्या बाईनं दुसऱ्यांदा का द्यावं?

खोलीच्या बुकिंगला बिल्डरच्या ऑफिसातल्या टायवाल्या पोरानं चेकच मागितला. मोबाइलवरनं पैसे चालणार नाहीत, फाइलला चेक लागतो म्हणाला. अक्कांकडे चेकबुक एकच, करंटचं. त्यांनी चेक दिला आणि संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन सगळी बचत करंट खात्यात वळवली. "एका रातीचा तर परश्न हाय," म्हणत करंगळी पुसली आणि टेकवली. त्या दिवशी त्यांनी मला चहाबरोबर क्रीमरोलही खिलवला.

सकाळी मेसेज आला. थकलेले हप्ते, व्याज, दंड, जे काही होतं ते बँकेनं आलेल्या पैशांतून वळतं करून घेतलं होतं. चेक परत गेला. मी अक्कांबरोबर बँकेत गेलो. मॅनेजरनं अदबीनं कर्जाचा कागद पुढे केला. "सही तुमचीच आहे ना?" होती. हक्कसोडवरही त्यांचीच होती.

खोली दुसऱ्याला गेली. कंपनीचं बिल आलं ते ठेका काढून घेतल्यावर, आणि ते किराणावाल्याच्या उधारीतच विरलं. अक्का रडल्या नाहीत. माझ्यासमोर त्यांनी ते बचत खातं पुन्हा उघडलं. "उघडतंय की रं अजून," म्हणाल्या. तो फोन रस्त्यावर आपटावासा वाटला मला.

त्या शेडमध्ये आता कुणाचं तरी गोडाऊन आहे. मध्यंतरी चऱ्होलीला मेहुण्याच्या वास्तुशांतीला गेलो होतो. अक्कांच्या वडिलांच्या रानातल्याच त्या सोसायटीच्या गेटवर स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या बायकांची रांग होती, हजेरीच्या मशीनपाशी. रांगेत अक्का दिसल्या. "अंगठा लावा मावशी, अंगठा!" नवा वॉचमन खेकसत होता आणि मशीन काही अंगठा घेईना. अक्कांनी पदराला करंगळी पुसली आणि टेकवली.

गेट उघडलं. मी हाक मारणार होतो, पण कुठल्या तोंडानं मारू? पार्किंग सगळं रिकामं होतं, लिफ्ट अगदी समोर. बाकीच्या बायका सरळ चालत गेल्या. अक्का मधेच थबकल्या, आणि भलामोठा गोल वळसा घालून पलीकडे गेल्या.