धावण्याआधीची बाटली

मी धावायला लागलो तो पोटामुळे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "ही ओळ वाचा, ती ओळ वाचा" करत बसायचं, आणि तेवढ्यात पोट आपलं गुपचूप पुढं सरकत राहायचं. शेवटी बायको म्हणाली, "आता नुसता पट्टा बदलून भागायचं नाही हं." म्हणून मी आमच्या भागातल्या धावणाऱ्यांच्या टोळीत शिरलो. टोळी म्हणजे आम्ही पाच जण. म्होरक्या विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेला. गळ्यात शिट्टी अडकवून यायचा, म्हणून त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. तळ्याभोवती दोन फेऱ्या, म्हणजे जेमतेम चार किलोमीटर, एवढीच आमची मजल. पण बूट, टोप्या आणि मनगटावरची घड्याळं बघाल तर वाटावं, हे लोक आता थेट दुसऱ्या देशातच थांबणार.

केमिस्टबाई आम्हाला भेटल्या त्या कॅप्टनच्या टाचेमुळे. नव्या बुटानं फोड आला आणि हा गडी पहाटे पावणेसहाला रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचं शटर बडवत बसला. शटर अर्धं वर झालं आणि आतून एक बारीक चणीच्या, साठीच्या आसपासच्या बाई वाकून बाहेर आल्या. त्यांनी कॅप्टनला स्टुलावर बसवलं, टाच पुसली, पट्टी लावली. आम्ही दारात ताटकळत उभे होतो. कॅप्टनची नजर फ्रिजकडे गेली. इन्सुलिनच्या खोक्यांखालच्या कप्प्यात खेळाडूंच्या त्या रंगीत पेयाच्या बाटल्या होत्या. "धावायच्या आधी हे प्यावं म्हणतात," कॅप्टन म्हणाला. टीव्हीवरच्या जाहिरातीतला घामेजलेला माणूस आम्ही सगळ्यांनीच पाहिला होता. प्रत्येकानं एकेक बाटली घेतली, आणि त्या दिवशी आम्ही जास्त वेगानं धावलो अशी सर्वांची खात्री पटली.

झालं, तो नेमच पडला. पावणेसहाला शटर वर असायचं. काउंटरवर बाटल्या मांडलेल्या असायच्या, झाकणं सैल करून. कॅप्टनची संत्र्याची, माझी लिंबाची, आमच्यातल्या दंतवैद्यीणबाईंची ती निळी, जिची चव नेमकी कशाची हे आजवर कुणाला कळलेलं नाही. ताई (तोंडावर आम्ही त्यांना ताईच म्हणायचो) प्रत्येकाची विचारपूस करायच्या. गुडघा कसा आहे, काल का नाही आलात, मुलीची परीक्षा झाली का. "आज किती?" असं रोज विचारायच्या. "चार किलोमीटर," आम्ही रोज तेच सांगायचो. "अरे वा!" त्या म्हणायच्या. आता हे 'अरे वा' घरी कुणी म्हणत नाही हो. घरी म्हणतात, घामाचे कपडे तिकडे टाका.

त्या दहा मिनिटांत थोडं थोडं करून त्यांचं आयुष्य माझ्या कानावर आलं. तीस वर्षं एका इस्पितळाच्या औषधखिडकीत नोकरी. मग हे दुकान, आणि दुकानामागची एक खोली. आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिचं पहिलं औषध पहाटे पाचला असायचं. आई जाऊन चार वर्षं झाली तरी ताईंना पाचला जाग यायचीच. "डोळा उघडतो आणि मग काय करावं सुचत नाही," त्या एकदा हसत म्हणाल्या. भाऊ परदेशात. दर रविवारी फोन करायचा आणि दहा मिनिटांत तीनदा "बाकी काय?" विचारायचा. लग्न का नाही केलं, हे आम्ही विचारलं नाही. वेळ मिळाला नसणार, दुसरं काय.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. विनाकारण औषध देण्याच्या बाबतीत या बाई भलत्याच कडक. कुणी खोकल्याची बाटली मागितली तर आधी छातीत कफ आहे का विचारायच्या, आणि दहातल्या चौघांना गरम पाणी प्यायला सांगून परत पाठवायच्या. माझ्या बायकोला शक्तीच्या गोळ्या हव्या होत्या. "तुम्हाला झोप हवी आहे, गोळ्या नकोत," असं सांगून त्यांनी तिला वाटेला लावलं. अशा बाई आमच्या बाटल्यांबद्दल दोन वर्षं अवाक्षर बोलल्या नव्हत्या. मी म्हटलं, असेल बुवा काहीतरी गुण त्यात.

मग एका संध्याकाळी कॅप्टनच्या रक्तात साखर निघाली. तो चिठ्ठी घेऊन ताईंच्याच दुकानात गेला. त्यांनी गोळ्या दिल्या, कधी घ्यायच्या ते पाकिटावर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर चारच बाटल्या होत्या.

"माझी विसरलात वाटतं, ताई?" कॅप्टन म्हणाला.

"तुम्हाला आज साधं पाणी देते," त्या हळूच म्हणाल्या. का, ते चारचौघांत सांगायला त्या तयार नव्हत्या.

कॅप्टनलाच कुठला धीर! "साखरेमुळे होय? अहो, पण ही तर खेळाडूंची असते ना!"

आता त्यांचा इलाज खुंटला. "त्यात सहा-सात चमचे साखर असते," त्या म्हणाल्या. "मी आधीच बोलायला हवं होतं."

आणि नेमकी तेव्हाच तोंड उघडायची दुर्बुद्धी मला झाली. "मग आम्हाला तरी हे लागतं का, धावायच्या आधी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ तेव्हा मला लागला नाही. दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासणारा मी! त्या फिरवाफिरव करू शकल्या असत्या. चव आवडते ना, मग प्या की, एवढं म्हणाल्या असत्या तरी आम्ही माना डोलावल्या असत्या. पण समोरच्या माणसानं सरळ विचारलं की सरळ सांगायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं.

"किती वेळ धावता?"

"चाळीस मिनिटं. फार तर पंचेचाळीस."

"मग नाही लागत. तासाभराच्या आतलं धावणं असेल तर पाणी पुरतं. तासाच्या वर, कडक उन्हात धावलात तर गोष्ट वेगळी." एवढं बोलून त्यांनी फडकं उचललं आणि स्वच्छ असलेला काउंटर पुसायला घेतला.

आम्ही किती हसलो! दोन वर्षं सरबत पिऊन धावलो म्हणून दंतवैद्यीणबाईंनी कपाळावर हात मारला. लोकांना गोड खाऊ नका म्हणून दटावणारी ती बाई, तिला तर फारच लागलं. कॅप्टननं ताईंचे दहादा आभार मानले. आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही तळ्याच्या फाटकाशी जमायला लागलो, कारण तिथून सुरुवात करणं सोयीचं होतं. ताईंना तोडायचं असं कुणाच्याच मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं, हीच तर लाजेची गोष्ट आहे.

शटर पावणेसहाला उघडत राहिलं. आम्ही त्या रस्त्यावरून पळत जायचो, आत दिवा लागलेला असायचा आणि ताई काउंटरमागे उभ्या असायच्या. आम्ही हात करायचो. त्याही करायच्या. थांबायला कुणाला वेळ नसायचा, कारण कॅप्टन शिट्टी फुंकत असायचा. काउंटरवर आमचे पाच ग्लास पाणी भरून ठेवलेले असतात, हे मला कितीतरी दिवसांनी, तेही बुटाची नाडी बांधायला थांबलो म्हणून दिसलं. दिसलं, आणि मी नाडी बांधून पुढे पळालो. बाकीच्यांना गाठायचं होतं.

हे सगळं मी घरी गंमत म्हणून सांगितलं. बायको भाजी चिरत होती. ती म्हणाली, "मग आता त्या सकाळी काय करतात?" मी उगाच चिरलेली भाजी ताटलीत गोळा करायला लागलो.

तरी जायला मला आणखी तीन आठवडे लागले. तोवर शटर सकाळी बंद दिसायला लागलं होतं. "ताईंनी वेळ बदललेली दिसते," कॅप्टन धावता धावता म्हणाला. मग एका दुपारी मी माझं दुकान सोडून त्यांच्याकडे गेलो. ताई स्टुलावर बसून गोळ्यांच्या पट्ट्यांवरच्या तारखा तपासत होत्या. मला बघून एकदम उभ्या राहिल्या.

"काय हवंय? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. सहज आलो."

सहज म्हणजे काय, ते त्यांना उमगेना. केमिस्टकडे सहज कोण येतं? मग त्यांनी कॅप्टनची चौकशी केली. मी सांगितलं, साखर उतरली, डॉक्टरांनी गोळी निम्म्यावर आणली. त्यांचा चेहरा फुलला. "अरे वा! म्हणजे आता त्यांना दोन महिन्यांतून एकदाच यावं लागेल," त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली गेला, पण आनंद खराच होता. मला तिथं उभं राहवेना.

"ताई, तुम्हाला ठाऊक होतं ना पहिल्यापासून?"

"होतं." त्यांनी पट्ट्या खोक्यात भरल्या. "दोन वर्षं गप्प बसले. असं कधीच केलं नव्हतं मी. रोज म्हणायची, उद्या सांगू. पण मग तुम्ही पाचही जण यायचात, हसायचात..." डोळे भरले होते त्यांचे, आणि माझेही.

"उद्या उघडा ना सकाळी," मी म्हणालो. "मी येतो."

"कशासाठी?"

"तुम्हाला भेटायला," एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. पण मी पन्नाशीचा पुरुष, सवय नाही, जीभ वळेना. "पाणी प्यायला," मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर विचार केला आणि त्या मायेनं, अगदी मनापासून म्हणाल्या, "पाणी घरूनच पिऊन निघत जा. धावायच्या अर्धा तास आधी प्यावं, म्हणजे पोटात डचमळत नाही."

मी मान डोलावली आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी घरूनच पाणी पिऊन निघालो. शटर बंद होतं.