वहीवरचं पाणी

नानांनी तांब्या कलता केला आणि सगळं पाणी वहीवर ओतलं. पायरीवर मी. दहा वर्षांची, दोन वेण्या, तोंडाला कुलूप. माझा हात लागलेली वही पवित्र होत होती आणि ‘ब्रेव्ह’च्या पुढचं ‘करेजस’ निळं पाणी होऊन पायरीवरून खाली चाललं होतं.

थांबा. आधी एकेक पात्र आत आणते, मग पडदा वर करू.

नाना म्हणजे पंचवटीतले निवृत्त हेडक्लार्क. आवाज रेशमी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुलू त्यांची नात, माझ्याच वयाची. माझी आई त्यांचं मागचं अंगण आणि गोठा झाडायची. मागच्या दाराने यायची, मागच्या दाराने जायची. त्यांचं स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे हे तिला फक्त वासावरून ठाऊक होतं. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. वर्तमानपत्रात समता छापून यायची, आणि त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेली पोळी आईच्या ओंजळीत वरून टाकली जायची.

शहरातल्या एका इंग्रजी शाळेत पाचवीला प्रवेश परीक्षा असायची. समानार्थी शब्दांना भरपूर गुण. सुलूच्या मामाने पुण्याहून शाईच्या पेनाने एक वही लिहून पाठवली होती. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचा जुळा. पण वही सुलूच्या हातात दिली की ती उत्तरं बघायची, आणि नानांना अक्षर दिसत नव्हतं. तेव्हा कोणीतरी वाचणारी हवी होती.

मी म्युन्सिपालटीच्या शाळेत. इंग्रजी अक्षरं वडिलांनी शिकवलेली. ते नाशिकरोडच्या मालधक्क्यावर हमाल होते, आणि पेटीवरचं नाव वाचल्याशिवाय पेटी उचलत नसत. आईने हे कौतुकाने सांगितलं आणि माझी नेमणूक झाली.

जागा, मागच्या दाराची खालची पायरी. नाना आत झोपाळ्यावर, सुलू उंबरठ्याच्या आत पाटावर. मी शब्द म्हणायचा, तिने जुळा सांगायचा. बरोबर आला की नाना म्हणत, “पुढचा.” चुकला तर मी ‘चूक’ म्हणायचं नाही. “सुलूताई, परत सांगा,” असं म्हणायचं. हे नानांनी पहिल्याच दिवशी ठरवून दिलं. मग मीही ते इतक्या अदबीने म्हणायची, मान झुकवून, डोळे मिटून, की सुलू फिसकन हसायची. नानांना कळायचं नाही कोण कोणाला हसतंय.

वाचून झालं की वही मिटून पायरीवर ठेवायची. नाना तिच्यावर पळीभर पाणी शिंपडत. कव्हर जाड, तेलकट कागदाचं. थेंब घरंगळून जात. मग सुलू वही उचलायची. रोज. मी घरी येऊन माझे हात हुंगायची. राखेचा वास यायचा, भांडी घासल्याचा. दुसरं काही नाही.

हे मी का सोसलं? मलाही ती परीक्षा द्यायची होती. फॉर्म आणला होता. त्यावर एका प्रतिष्ठित गृहस्थाची सही लागायची. आमच्या वस्तीत गृहस्थ पुष्कळ होते, त्यांना प्रतिष्ठित कोणी धरत नव्हतं. नाना म्हणाले होते, “वाचत राहा. करू सही.” आई रोज फॉर्म पदराखाली घेऊन यायची आणि तसाच परत न्यायची.

त्या दिवशी त्यांच्याकडे श्राद्ध होतं. नाना सोवळ्यात. एवढ्या सोवळ्याला पळी पुरायची नाही असं वाटलं असावं. ते तांब्याच घेऊन आले. आणि वही मी मिटली नव्हती. विसरले होते, खरंच. पण तांब्या येताना मी पाहिला. ‘नाना, वही उघडी आहे.’ चार शब्द. त्यांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं.

मी बोलले नाही.

सुलू किंचाळली. पानं एकमेकांना चिकटली. परीक्षा पुढच्या आठवड्यात, फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस उद्या. नाना उंबरठ्यात खाली बसले. पहिल्यांदाच माझ्या उंचीवर.

“तुला पाठ असतील ना गं?”

“हो.”

“मग सांग. सुलू लिहून घेईल.”

मी आईकडून फॉर्म घेतला आणि पायरीवर ठेवला. “आधी सही करा, नाना.”

नाना हसले. मायेने हसले, म्हणून तर ते हसू अजून ऐकू येतं. “अगं, ती शाळा तुमच्यातल्यांसाठी नाही. बावरशील तिथे. सही करतो म्हणालो, ते तू मन लावून वाचावंस म्हणून.”

म्हणजे सही नव्हतीच. कधीच नव्हती.

“पोरी, सांग की,” आई खराट्याला धरून म्हणाली. “काम जाईल माझं.”

मी फॉर्म उचलला. “शब्द मला पाठ आहेत, नाना. देणार नाही.”

रस्त्यात आईने थोबाडीत मारली. पुढच्या वळणावर विचारलं, “सगळे पाठ हायेत तुला? म्हण बरं.” मी घरापर्यंत म्हणत गेले. ती ऐकत आली, एकही शब्द न कळता.

तिचं काम गेलं. मी परीक्षा दिली नाही. मामाने दुसरी वही पाठवली आणि सुलू पास झाली. एरवी मी गोष्टीत मीठमसाला घालते. इथे घालवत नाही.

आज पन्नाशी ओलांडली. भाजी निवडताना, बसमध्ये, कुणाच्या लग्नात जेवताना मागून रेशमी आवाज येतो, “पुढचा.” आणि माझ्या ओठांवर जुळे सुरू होतात. सुलूची किंकाळीही येते. त्या घरात माझ्या नकलेला हसणारी ती एकटीच होती, आणि तिच्याच वहीवर पाणी पडताना मी गप्प राहिले. त्याची लाज वाटते. पश्चात्ताप होत नाही.

आमच्या वस्तीत मी आता मुलांना इंग्रजी शिकवते. चटई एकच. नानांच्या घरातलं कोणी आलं तरी शिकवीन, सगळे शब्द देईन. पण आमच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसावं लागेल, आणि त्यांच्या हातातली वही आपल्या हातात घ्यावी लागेल, जशी आहे तशी. ज्याला हे जमणार नाही त्याने परत जावं. मी हाक मारणार नाही.