खडक दाखवा, सही करतो

माझ्या नवऱ्याला राग येत नाही. हे कौतुक नव्हे हं, तक्रार आहे. दोघांच्या वाटणीचं चिडणं मला एकटीला करावं लागतं, आणि गेली दोन वर्षं मी एका बोटीच्या कंपनीवर चिडून आहे. बोट म्हणजे खरीखुरी बोट, पाण्यात चालणारी. बेंगळुरात बोट कशाला, असं मला विचारू नका. मी विचारून विचारून थकले.

यांचं नाव बाळ. भाजीवाल्यापासून मराठी मंडळापर्यंत सगळे बाळअण्णाच म्हणतात. जन्म इथलाच. सासरे साताऱ्याकडून विमानाच्या कारखान्यात आले, पुढे हेही तिथेच लागले. काम तपासनिसाचं. विमानाचे थरावर थर चिकटवून केलेले भाग आतून सुटलेत का, ते बघायचं. त्याला मशिनं होती, पण यांचा भरवसा आपल्या पितळी हातोडीवर. अंगठ्याएवढी हातोडी, उमेदवारीत असताना स्वतः घडवलेली. ठोकायचं आणि कान द्यायचा. थर घट्ट असला तर टण वाजतं, सुटला असला तर भद्द. ही खोड घरीही आली. कलिंगड ठोकणार, माठ ठोकणार. मला बघायला आले तेव्हा पोहे यायच्या आत आमच्या दाराची चौकट ठोकून झाली होती. माझ्या वडलांना वाटलं, मुलगा चांगला आहे पण जरा सैल आहे.

निवृत्त झाल्यावर माणसं तिरुपतीला जातात. यांनी बोट घ्यायची ठरवली. के. आर. पुरमला आमच्या घरापासून जवळ एक केरे आहे, म्हणजे तळं. लहानपणी हे तिथंच वल्हवायला शिकले. आता कॉलनीतल्या पोरांची डोकी मोबाइलमधून वर काढायची आणि दर रविवारी त्यांना वल्हं धरायला शिकवायचं, तेही फुकट! परवानग्यांसाठी चपला झिजवल्या, लाइफ जॅकेटं आणली, आणि पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला फायबरची बोट सांगितली.

बोट ताब्यात द्यायला कंपनीने दिवस कुठला काढावा? आयुधपूजेचा. आपली खंडेनवमीच ती, पण इथं तिचा थाट दसऱ्याच्या वर. गेटला केळीचे खांब, रस्त्यावर कुंकू भरून फोडलेले कोहळे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात चुरमुऱ्यांची पाकिटं. बोट झेंडूचा हार घालून नवरीसारखी उभी. मॅनेजर म्हणाला, "मुहूर्त आहे अण्णा, आजच न्या." यांचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला. हातोडी घरी होती, देव्हाऱ्यासमोर पाटावर, कुंकू लावून. आयुधपूजेला हत्यार विश्रांती घेतं, त्याला हात लावायचा नाही. हा नेम यांनी नोकरीभर पाळला. एकदा एका नव्या पोराने त्या दिवशी पाना उचलला, तर अख्ख्या वर्कशॉपने त्याला पान्याच्या पाया पडायला लावलं होतं.

"मग बोटाने ठोकून बघा की," मी म्हटलं.

"आज नाही ठोकायचं गं," हे म्हणाले. वरवर बघितलं आणि सही केली. ज्या माणसाने आयुष्यभर तपासल्याशिवाय कशावर सही केली नाही, त्याने ही एक केली, आणि तीच नडली. बोट त्याच दिवशी केऱ्यात उतरली, मग तळ ठोकायचा राहूनच गेला.

जानेवारीतल्या एका रविवारी, तळ्याच्या मध्यावर, बोटीचा तळ फाटला. मागच्या बाजूचे थर सुटले, आतल्या हवेच्या कप्प्यात पाणी शिरलं, बोट एका अंगावर कलंडली आणि चार पोरं पाण्यात गेली. जॅकेटं होती म्हणून वाचली. यांनी एकेकाला ओढून काठाला आणलं. आमच्याच बिल्डिंगमधली नऊ वर्षांची वेदिका मात्र बरंच पाणी प्यायली, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिची आई केतकी. नागपूरहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेली, तशी वाईट नाही. पण तिने कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, 'अण्णांच्या निष्काळजीपणामुळे माझी मुलगी मरता मरता वाचली.' पुढच्या रविवारी हे भाड्याची होडी ठरवून नेहमीप्रमाणे केऱ्यावर गेले. एकही पोर आलं नाही. वल्ही खांद्यावर घेऊन परत आले आणि ती बाल्कनीत उभी करून ठेवली.

तेव्हापासून यांना एकच गोष्ट हवी आहे. दोष बोटीत होता, अण्णात नव्हता, एवढं कुणीतरी तोंडाने म्हणावं. त्यासाठी ग्राहक आयोगात तक्रार केली. तिथं कंपनीच्या वकिलाने काय सांगावं? तक्रारदार स्वतः जुने तपासनीस आहेत, त्यांनी बोट पाहून, समाधान झाल्यावरच ताब्यात घेतली, आणि पुढे त्यांच्याच चुकीने ती खडकावर आदळली.

खडक! माझं डोकंच फिरलं. अहो, त्या केऱ्यात गुडघाभर गाळ आहे, जलपर्णी आहे, कुणाकुणाच्या चपला आहेत. खडक कुठून आणलात, तुमच्या घरून? चोराच्या उलट्या बोंबा! मी उठून बोलणार तर यांनी माझा पदर धरून खाली बसवलं. आमचा वकील चष्मा पुसत बसला होता. त्याला त्या चष्म्यातून काय दिसलं कोण जाणे, पुढची तारीख तेवढी दिसली. मग आणखी एक तारीख, मग आणखी एक.

मध्येच तो मॅनेजर घरी आला. हातात म्हैसूरपाकाचा डबा. "अण्णा, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," म्हणाला, म्हणजे जरा जुळवून घ्या. "कोरी बोट देतो. बोट खडकाला लागली एवढं लिहून द्या, केस संपवू."

मला वाटलं तो डबा त्याच्या टाळक्यात घालावा. आणि हे काय म्हणाले? "सरी, चालेल. खडक दाखवा, सही करतो." वर त्याला कॉफी पाजली! माझ्या घरात, माझ्या कपातून!

तो गेल्यावर मी भांडी आपटली. "तुम्हाला काही वाटतं की नाही? चारचौघांत नाक कापलं तुमचं त्यांनी!"

"हेमा," हे म्हणाले, "तो कोरी बोट देतो म्हणाला. म्हणजे त्याच साच्यातली. अजून काढतायत ते." एवढंच बोलले आणि उठून कप विसळायला गेले.

मग यंदाची आयुधपूजा आली. मी पाट मांडला. विळी, शिलाई मशीन, स्कूटरची किल्ली, सगळ्यांना कुंकू लावलं. हातोडीची जागा तेवढी मोकळी होती. "अहो, हातोडी आणा."

"ती आज पूजेत नाही," हे म्हणाले. हातोडी खिशात घातली आणि चपला चढवल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला यांच्या तोंडाकडे बघून भीती वाटली. कुंकवाचा करंडा तसाच उघडा टाकून मी मागोमाग रिक्षात बसले.

पीण्यात कारखान्याच्या गेटवर सगळं तेच. तेच केळीचे खांब, तोच मुहूर्त, टेम्पोवर हार घातलेली नवी बोट. शेजारी, ताबा घेतल्याची सही करायला हातात पेन घेऊन, एक तरुण मुलगी उभी होती. भव्या तिचं नाव, शाळकरी मुलांची शिबिरं घेते म्हणाली. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत हे टेम्पोवर चढले.

"अण्णा, इवत्तु आयुध मुट्टबारदु!" कामगार ओरडले. आज हत्याराला हात लावू नये.

"गोत्तु," हे म्हणाले, माहीत आहे. आणि ठोकलं. टण. टण. टण. मागच्या अंगाला, तळाशी आल्यावर, भद्द. पुन्हा ठोकलं, पुन्हा भद्द.

मॅनेजर धावत आला. "बिडी अण्णा, सोडा! जुना साचा आहे, मागचा थर जरासा सुटतोच. सगळ्याच बोटींचं तसं आहे, काही होत नाही त्याने!" बोलून गेला आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं.

"काही होत नाही?" यांचा आवाज असा चढला की वाजणारा ताशा थांबला. "माझी चार पोरं पाण्यात गेली! नऊ वर्षांची पोरगी माझ्या हातांवर निळी पडली होती! आणि तू खडक म्हणतोस? कुठंय खडक? दाखव! आत्ता दाखव मला खडक!" मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

मी केतकीला फोन लावला. "वेदिकाची आई, बोलू नकोस, नुसतं ऐक." फोन बोटीला टेकवला. "ठोका हो." टण. टण. भद्द. "ही दुसरी बोट आहे, केतकी. आजच बाहेर पडली, पाणीसुद्धा पाहिलं नाही हिने. आतून सुटलेली आहे, आणि सगळ्याच बोटी तशा आहेत असं हा मॅनेजर इथं सगळ्यांसमोर म्हणाला."

भव्याने पेनाला टोपण लावलं. मॅनेजरकडे बघून म्हणाली, "मीही ऐकलंय. आयोगात येऊन सांगेन."

मग केतकी म्हणाली, "काकू, सॉरी. मी तसं लिहायला नको होतं. चूक अण्णांची नव्हती."

"मला कशाला सांगतेस? ज्यांना सांगायचं त्यांना सांग!" मी फोन यांच्या कानाला लावला. मला वाटलं, आता चांगलं ऐकवतील. ऐकवायलाच हवं होतं!

यांनी सगळं ऐकून घेतलं. "वेदिका पोहायला जाते ना गं?" म्हणाले. "पाण्याची भीती बसू देऊ नकोस तिला." झालं, यांचा राग संपला. माझा संपलेला नाही, पुढच्या तारखेला मी तिथं पदर खोचूनच जाणार आहे.

घरी आलो तर समई तेवत होती, करंडा उघडाच होता. यांनी खिशातून हातोडी काढली, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली आणि पाटावरच्या मोकळ्या जागेत ठेवली.

"घे," म्हणाले. "आता लाव कुंकू."